आठवा पट्टा

४ मार्च

धाकटे,

तुझा अहवाल पोचला. तू पाठवला नाहीस, गार्डाने पोचवला. ओढ्याच्या वाटेवर जंगलात शिरायच्या तोंडाशी नवं लोखंडी फाटक बसवलंय. त्याच्या गजांना त्याने तुझ्या अहवालाचं शेवटचं पान चिकटवलंय, उन्हाने खराब होऊ नये म्हणून वरून प्लास्टिक. म्हणजे वर माझ्या सख्ख्या बहिणीची सही आणि खाली कुलूप.

सकाळी आम्ही नऊ-दहा बाया सालईचा डिंक काढायला निघालो होतो. सगळ्यांच्या कमरेला छोटी कुऱ्हाड, हातात डबा. फाटकापाशी खोळंबलो. "अक्का, तू सातवी शिकलीयस, बघ काय म्हणतंय," म्हणून मला पुढे ढकललं. मी मोठ्याने वाचायला लागले. 'स्थानिक ग्रामस्थांनी सालईच्या झाडांना घातलेल्या बेसुमार खाचा, सरपणासाठी केलेली तोड, शेळ्यांची चराई आणि वारंवार लावलेल्या आगी यांमुळे हे कोरडं जंगल मरत चाललं आहे.' पुढचे शब्द जड होते, पण ग्रामस्थ कोण ते कळायला सातवी लागत नाही. मागून शेळीवाली म्हणाली, "कुणी लिहिलंय गं हे?"

मी म्हटलं, सही नीट लागत नाही.

तुझ्यासाठी मी खोटं बोलले. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

अख्खा अहवाल मास्तरांकडे शाळेत आलाय. दुपारी जाऊन तो पाहिला. मी त्यात 'माहितीदार क्रमांक सात' आहे. 'स्त्री, वय पन्नाशीच्या पुढे.' मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वजाबाकी तरी येत असेल तुला?

गेल्या हिवाळ्यात तू तुझ्या संस्थेच्या कामासाठी दोन विद्यार्थिनींना घेऊन आलीस. अकरा दिवस माझ्या घरी राहिलीस. मी स्वतःचं काम सोडून तुला डिंकासाठी वाटलेले जंगलाचे बाराच्या बारा पट्टे फिरवले. कुठे शतावरीची मुळं खणतो, कुठे बोरं, कुठल्या झाडाची साल गुरांच्या जखमेला लावतो, सगळं दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीन संध्याकाळी तुझ्या यंत्रात बोलले, त्याचा लाल दिवा लागलेला होता. बाबांचा नियम सांगितला. मिठीत मावेल त्या झाडाला हात लावायचा नाही, मोठ्या झाडाला तीनच खाचा, आणि दोन वर्षं घेतलं की दोन वर्षं सोडायचं. तो नियम कशाने मोडला तेही सांगितलं. वनखात्याने जंगल ठेकेदाराला दिलं, ठेकेदार दरवर्षी पट्टे नव्याने वाटतो, आणि त्याचा कागद म्हणतो, पट्ट्यातून वीस डबे डिंक आला नाही तर पट्टा दुसऱ्याला. जे झाड पुढच्या वर्षी आपलं नाही, त्याला विसावा कोण देईल? यातली एक ओळ तुझ्या अहवालात नाही. लाल दिवा नुसता शोभेला होता का?

आमच्या घरचं म्हणशील तर मी अजूनही तीनच खाचा घालते.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, धाकटीचं काही आलं का. आज म्हटलं, आलंय, मजेत आहे.

तुझी ताई

१३ मार्च

धाकटे,

उत्तर नाही. बरं आहे. मोठ्या माणसांना वेळ नसतो. मग नुसतं ऐकून घे.

काल गार्डाने शेळीवालीला धरलं. आठवते ना तुला? नवरा गेलेली, साठीची, एका डोळ्याने कमी दिसतं, तुला रोज दुधाचा तांब्या आणून द्यायची. बिचारी फाटकाच्या बाजूने तारेखालून आत गेली आणि वाळक्या काटक्यांची मोळी घेऊन निघाली. झाड तोडलं नाही, फांदी मोडली नाही. खाली पडलेलं उचललं. तिला खात्याच्या कचेरीत नेऊन सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मोळी शेजारी, पुरावा म्हणून.

दुपारी कळलं तशी मी गेले. कचेरीत पंखा फिरत होता, पण त्याचा वारा फक्त टेबलापर्यंत येत होता. गार्ड जेवत होता. मी म्हटलं, "दादा, तिने काय केलं?"

"अनधिकृत सरपण."

"वाळकं होतं."

"अक्का, मी नाही म्हणत, अहवाल म्हणतो." त्याने चक्क हात पुसून अहवाल काढला आणि पान उघडून बोट ठेवलं. तुझा तक्ता. 'सरपण : घरटी दररोज एक मोळी. परिणाम : गंभीर.' "तुमच्याच बहिणीने मोजलंय," तो म्हणाला.

शेळीवालीने मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग गार्डाकडे, मग परत माझ्याकडे. पाच वाजता सोडलं तेव्हा तिचे पाय आखडले होते. माझा हात धरून उठेल म्हणून मी पुढे केला. तिने भिंत धरली.

वाटेत एवढंच म्हणाली, "सही लागत नव्हती ना?"

याच कचेरीच्या मागच्या अंगणात ठेकेदाराच्या कोळशाच्या गोण्या माझ्या डोक्याइतक्या उंच रचल्या आहेत. तो कोळसा वाळक्या काटक्यांचा होत नाही. ओली झाडं आडवी केल्याशिवाय होत नाही. त्या गोण्या मोजायला तुझा तक्ता कुठे गेला होता? चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी तुझी विद्या. आणि ही विद्या तू ज्या डिंकावर शिकलीस, तो याच झाडांचा होता. मी शाळा सोडून तो गोळा करत होते. हे मी आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवते.

ताई

२७ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं. चार ओळींचं. 'ताई, मी खोटं काहीच लिहिलेलं नाही. तुला पटत नसेल तर बोटाएवढ्या जाडीचं सालईचं एक रोप शोधून दाखव. जास्त खाचा पडलेलं झाड बी धरतं, पण ते पोचट असतं, उगवत नाही. सगळी झाडं म्हातारी आहेत. ती गेली की मागे कोणी नाही.'

उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. मी वाचून तोंडात येईल ते बोलले. तुझे भावजी म्हणाले, "मग शोधून तोंडावर मार की." म्हटलं, मारतेच.

गार्डाला सांगितलं, तुमच्याच अहवालाचं काम आहे, फाटक उघडा. तो गोंधळला आणि त्याने उघडलं. मी, दोन जावा आणि कुंभाराची बायको अशा चौघी तीन दिवस हिंडलो. दिवस उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत, आणि ऊन कललं की परत. पान ना पान उलटलं. बोरीची रोपं होती, काट्याकुट्यांची होती. सालईचं म्हणून जे जे दिसलं ते जुन्या मुळातून फुटलेलं, वरून शेळीने खुडलेलं, बुडाशी आगीने काळं झालेलं. बिया वेचल्या आणि दाताने फोडून पाहिल्या. माझ्या ओच्यात शंभरेक असतील. फुटताना आवाज येतो, आत काही नसतं. नुसती हवा.

तिसऱ्या दिवशी जाऊ म्हणाली, "अक्का, आपल्या आजीच्या वयाची झाडं आहेत गं सगळी. एक पोर नाही." तिने ते साध्या आवाजात म्हटलं. मला मात्र तिथे उभं राहवेना.

आता थांब, लगेच जिंकलीस असं समजू नकोस. रोपं सापडली. सात. बंद पडलेल्या पंपघराच्या आवारात. त्याला चारी बाजूंनी भिंत आहे, दार गंजून मिटलंय, म्हणून शेळी नाही, आग नाही, माणूस नाही. आम्ही भिंतीवर चढून पाहिलं. मधोमध एक जुनी सालई, अंगावर एकही खाच नाही. तिच्याखाली सात रोपं, दोन तर माझ्या मनगटाएवढी. तिची बी फोडली तर आत पांढरा गर होता.

म्हणजे तू सांगतेस ते खरं आहे. घे. लिहून दिलं.

पण एवढं खरं तुला माहीत होतं, तर ते कुणामुळे झालं हेही तुला माहीत होतं. अर्धं खरं सांगणाऱ्या माणसाची मला जास्त चीड येते. खोटं बोलणाऱ्याला निदान लाज असते.

ताई

५ एप्रिल

धाकटे,

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहिते.

मास्तरांकडे पुन्हा अहवाल मागितला. तुझ्या तक्त्यातली चूक काढायची होती. प्रत्येक पट्ट्यासमोर तू लिहिलंयस : किती झाडं, दर झाडाला किती खाचा. पहिला पट्टा सहा, दुसरा सात, कुंभाराच्या घरचा पाचवा पट्टा आठ. मास्तर बोट फिरवत म्हणाले, "सातानंतर एकदम नऊ आलाय. आठवा पट्टा छापायचा राहिला वाटतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पान उलटलं. शहाणा माणूस.

आठवा पट्टा माझा आहे. तू तिथे दोन दिवस होतीस. झाडांना निळ्या रंगाने आकडे घातलेस. तिथल्या दर झाडाला अकरा खाचा आहेत. बाराव्याला जागा नाही म्हणून अकरा. तू मोजत होतीस तेव्हा मी मुद्दाम पाणी आणायच्या निमित्ताने ओढ्यावर गेले होते. परत आले तेव्हा तू वही मिटलीस आणि म्हणालीस, "चल ताई, ऊन झालं." मी मनातल्या मनात म्हटलं, हिला दिसलं नाही.

तीन खाचा घालते असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते तुला खोटं माहीत होतं, तरी तू चार ओळींत ते काढलं नाहीस. मोठं मन दाखवलंस.

पण तुला सांगितलं कुणी मला झाकायला?

तू माझं लपवलंस, आणि कुंभाराच्या बायकोच्या आठ खाचा छापल्यास. शेळीवालीच्या काटक्या छापल्यास. त्यांची बहीण तुझ्या संस्थेत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. आता मला कळतंय की ठेकेदाराचा कागद अहवालात का नाही. वीस डब्यांची अट लिहायची तर वीस डबे कुणी दिले तेही लिहावं लागलं असतं. सगळ्या पट्ट्यांत वीसच्या वीस डबे एकीनेच दिले होते. मी. माझ्यापायी तू अख्खं कारणच गाळून टाकलंस. माझी लाज झाकायला चाळीस घरांचं पांघरूण ओढलंस.

बाबांचा नियम मी मोडला. पहिल्या वर्षी चार खाचा घातल्या तेव्हा आधी झाडाला हात जोडले होते. पाचवीला जोडले नाहीत. तुझे भावजी गवताला आग लावतात, नवं कोवळं फुटावं म्हणून, तेही तू पाहिलं होतंस. तेही गाळलंस. आग 'ग्रामस्थांनी' लावली. कुठल्या ग्रामस्थाने?

बावीस तारखेला कचेरीत सुनावणी आहे. मोठे साहेब येणार आहेत, ठेकेदार येणार आहे. तुलाही बोलावणं गेलंय असं गार्ड म्हणतो. ये, आणि आठवा पट्टा वाचून दाखव.

ताई

२३ एप्रिल

धाकटे,

तू आली नाहीस. तुझ्याऐवजी एक चष्मेवाला पोरगेला साहेब आला होता. त्याने तुझा अहवाल वाचला, छान वाचला. झाडांची लॅटिन नावंसुद्धा न अडखळता.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "गावातर्फे कुणाला बोलायचंय?" आमची तीसेक माणसं मागच्या भिंतीशी उभी. पुढच्या खुर्च्यांवर ठेकेदार आणि त्याचा मुकादम. मी पुढे गेले.

म्हटलं, "साहेब, या तक्त्यात आठवा पट्टा नाही. तो माझा आहे. त्यात दर झाडाला अकरा खाचा आहेत."

मागे एकदम कुजबूज. कुंभाराची बायको म्हणाली, "अक्का, गप." तुझे भावजी तर खालीच बघत होते.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही गुन्हा कबूल करताय, कळतंय ना?"

"कळतंय. पण पुरता कबूल करू द्या." आणि मी ब्लाउजमधून ठेकेदाराचा कागद काढला. गेली पाच वर्षं मी तो पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. शिक्का त्याचा, सही मुकादमाची. म्हटलं, "वीस डब्यांची अट आहे. तीन खाचांत सात डबे होतात. बाकीचे तेरा झाडाच्या कुठल्या अंगातून काढायचे ते यांना विचारा. आणि तुमच्या मागच्या अंगणातल्या कोळशाच्या गोण्या कुठल्या वाळक्या काटक्यांच्या आहेत तेही विचारा."

ठेकेदार हसला. "साहेब, अडाणी बाई आहे."

"सातवी आहे," मास्तर मागून म्हणाले.

सगळी कचेरी हसली. गार्डसुद्धा. हसू थांबल्यावर साहेबांनी कागद मागितला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि उठून मागच्या अंगणात गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्यांनी एक गोणी उघडायला लावली. त्यातला मांडीएवढा जाड कोळशाचा तुकडा उचलून खिडकीच्या दिशेने वर धरला. ठेकेदाराचं हसू तेवढ्यात गेलं. तेवढंच सुख मला त्या दिवशी मिळालं.

निकाल नंतर देणार. पण घरी परतताना कुणी माझ्याशी बोललं नाही. जाऊ म्हणाली, "बहिणीने फाटक लावलं, आता हिने चावी फेकून दिली." त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

शेळीवाली मात्र संध्याकाळी दारात आली. दुधाचा तांब्या ओट्यावर ठेवला. म्हणाली, "पंपघराच्या भिंतीला एक भगदाड पडलंय. माझी काळी शेळी तिथून आत जाईल एखाद दिवशी. बुजवायला येतेस का?"

आज सकाळी आम्ही दोघींनी ते दगडांनी बुजवलं.

ताई

९ मे

धाकटे,

निकाल आला, आणि त्याच टपालाने तुझं पत्रही आलं. आधी निकाल सांगते.

ठेकेदाराचा ठेका थांबवलाय, चौकशी होईपर्यंत. चौकशी कधी होणार ते लिहिलेलं नाही. सगळ्या पट्ट्यांत डिंक काढणं तीन वर्षं बंद. आठव्या पट्ट्यात पाच वर्षं, आणि तिथे मी पाऊलही ठेवायचं नाही. वाळक्या सरपणासाठी आठवड्यातून दोन दिवस फाटक उघडणार. शेळ्यांसाठी ओढ्याच्या अलीकडचा उतार. आग लावली तर थेट तुरुंग. भावजींना मी तो भाग दोनदा वाचून दाखवला.

मला राग आलाय. तीन वर्षं चाळीस घरांनी काय करायचं, हे निकालात कुठेच नाही. मी स्वतः वीटभट्टीवर जाते, तिघी शेजारणी येतात. त्यातल्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण वाट एकच आहे म्हणून बरोबर चालतात. झाडांना विसावा मिळाला ते बरं झालं. मला बरं वाटतंय आणि त्याचाही राग येतोय. हे तुझ्या कुठल्या तक्त्यात बसेल ते बघ.

आता तुझं पत्र. तू आठवा पट्टा घालून अहवाल पुन्हा दिलास, ठेकेदाराची अट लिहिलीस, संस्थेने तुझ्याकडे खुलासा मागितलाय. चार पानं लिहिलीस. शेवटच्या पानावर लिहितेस, 'ताई, मी तुला वाचवायला गेले. सुनावणीला यायची हिंमत झाली नाही. माफ कर.'

मी नाही करणार. माफी माझ्या एकटीची नाही. माझं तर तू झाकलंसच होतंस. ज्यांचं उघडं पाडलंस त्यांची माफी तू चार पानांत लिहून मला पाठवतेस आणि वाटतं, पोचली. मी काही तुझी टपालपेटी नाही. शाळेच्या ओट्यावर ये. शेळीवाली समोर बसेल, कुंभाराची बायको बसेल, मास्तर बसतील. तोंडाने सांग. शिव्या पडतील. जाऊ तर नक्की देईल, तिच्या शिव्या ऐकण्यासारख्या असतात. त्या खा, आणि मग पुन्हा झाडं मोज. या वेळी कुंभाराच्या बायकोला वही धरायला दे, तिचे आकडे पक्के असतात.

रविवारची बस दहाला येते. मी स्टँडवर येणार नाही. मला तुझं तोंड अजून बघायचं नाही.

आई येईल. तिला सगळं कळलंय, शेळीवालीने सांगितलं. दोन दिवसांनी म्हणाली, "येऊ दे तिला." तिचे गुडघे आता फार दुखतात. वाटेत तीनदा तरी बसेल. बस लवकर आली तर एकटी पुढे निघू नकोस. ती येईपर्यंत तिथेच थांब.

ताई